केकचा चौरंग: लाकडी केक स्टँड कसा करायचा आणि त्याचे पैसे कसे सुटतात



साखरपुडा, हळद, बाळाचा पहिला वाढदिवस, अगदी आजी-आजोबांची पंचाहत्तरी, आता कुठलाही कार्यक्रम केकशिवाय होत नाही. नाशिकच्या लॉन्सवर आणि गंगापूर धरणाच्या बाजूच्या वाइनरींच्या परिसरात लग्नं होतात, तिथले डेकोरेशनवाले केकखाली चकचकीत स्टीलपेक्षा गावठी दिसणारं लाकूड मागतात. खोडाची चकती, गाठी दिसणारी फळी, असं काहीतरी. आपल्याला हे नवं नाही. पाट आणि चौरंग आपल्याच घरातले. हा फक्त केकचा चौरंग.

गटांच्या बैठकीत या कामाचा विषय निघाला की पहिला प्रश्न मशीनचा असतो. कटर केवढ्याला, कर्ज किती मिळेल? मी म्हणते, मशीन राहू द्या बाजूला. या धंद्यात पैसे बुडतात ते ओल्या लाकडात. म्हणून आधी लाकूड समजून घेऊ.

ताज्या खोडाची गोल चकती कापली की ती तडकतेच. यात कापणाऱ्याची चूक नसते. लाकूड वाळताना गाभ्याच्या दिशेने जेवढं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट ते घेराच्या दिशेने आकसतं. बांगडी हातातच असताना लहान व्हायला लागली तर काय होईल? फुटेल. चकतीचंही तेच होतं, कडेपासून गाभ्यापर्यंत भेग जाते. स्टँड करून विकला आणि महिन्याने तो दुभंगला, तर ते गिऱ्हाईक परत येत नाही, आणि चार जणींना सांगतं ते वेगळंच.

म्हणून नवीन गटांनी चकतीच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. जुनी, वाळलेली फळी घ्या. जुन्या नाशकात वाडे पाडले जातात, त्यांच्या तुळया आणि फळ्या जुन्या लाकडाच्या वखारीत येतात. हे लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं, आता नव्याने आकसायचं फारसं राहिलेलं नसतं. फक्त रंग दिलेली फळी घेऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना त्याची धूळ आपल्याच नाकात जाते.

दुसरा स्वस्त माल म्हणजे सातपूर-अंबडच्या कंपन्यांतून बाहेर पडणारे पॅलेट. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पॅलेटवर शिक्का मारलेला असतो. त्यात ‘एचटी’ ही इंग्रजी अक्षरं असतील तर लाकूड उष्णता देऊन कीडमुक्त केलेलं आहे, ते चालेल. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते फुकट मिळालं तरी आणू नका. शिक्काच नसेल तर त्याखाली काय सांडलंय ते कोणाला माहीत? सोडून द्या.

निफाड-दिंडोरीकडच्या ताया विचारतात, बाग काढली की द्राक्षाची खोडं सरपणाला जातात, ती वापरू का? जरूर वापरा, त्यांचा पीळ फार सुंदर दिसतो. पण त्या वेलावर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण आणि औषधांचे फवारे झालेले असतात. साल पूर्ण काढा, घासा आणि फक्त पायांसाठी वापरा. वरच्या फळीला नको.

उभं झाड तोडायचा विचार मनातही आणू नका. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत नुसता सागच नाही, आंबा, चिंच, मोह, जांभूळ हीसुद्धा आहेत. बांधावरचं स्वतःचं झाड असलं तरी परवानगी लागते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरच्या मैत्रिणींनी तर जास्तच जपावं, जंगलातलं लाकूड घरी आणलं तर ते जप्त होऊ शकतं. वखारीतून घ्या, पावती घ्या, पावती फाइलला लावा. बिब्बा आणि कण्हेर यांचं लाकूड मात्र पडलेलं सापडलं तरी नको, दोन्ही विषारी.

तरी चकतीच हवी असं गिऱ्हाईक म्हणालं तर आठ इंचांपर्यंतचीच करा. कापल्या कापल्या कडेपासून गाभ्यापर्यंत करवतीने एक सरळ चीर द्या. लाकूड आकसेल तसं जास्त करून तिथेच उघडेल, बाकीची चकती वाचते. साल काढून टाका, तिच्याखालीच किडे राहतात. मग गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हात नाही, वाऱ्याच्या तोंडावरही नाही. वाळली की नाही हे हाताला कळत नाही. किराणा दुकानातल्या काट्यावर दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. सलग तीन आठवडे वजन तेवढंच राहिलं तर वाळली. पावसाळ्यात वजन उलटं वाढतं, म्हणून कापायचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये. उन्हाळा वाळवण्यात जाईल आणि तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात तोवर माल तयार असेल.

आता घडण. एक किलोचा केक साधारण आठ इंचांचा, खाली दहा इंचांचा पुठ्ठा. वरची फळी बारा इंच गोल आणि इंच-दीड इंच जाड धरा. वखारीतून गोल कापूनच आणा. पाय तीन लावा. लॉनवरची टेबलं कधी सपाट नसतात आणि चार पायांचं स्टँड डगमगतं. चुलीचे तीन दगड कधी डगमगलेत का? पण पाय कडेजवळ लावा, मध्यभागी गोळा केले तर एका बाजूला सुरी दाबली की स्टँड कलंडेल. खालून स्क्रू मारा, नुसत्या फेव्हिकॉलवर भरवसा नको. मग पाण्याने भरलेली पाच किलोची कळशी वर ठेवा आणि कडेला दाबून बघा. त्यात पास झालं तरच पुढे.

पॉलिश पेपर 80 नंबर, मग 120, मग 220. तोंडाला मास्क बांधा, नुसता पदर नको. शेवटी ओला फडका फिरवा, वाळलं की उभे राहिलेले रोम पुन्हा 220 ने काढा.

व्हार्निश मारू नका, वास केकला लागतो. शेंगदाण्याचं तेल चोळू नका, खवट होतं. मेडिकलमध्ये लिक्विड पॅराफिन मिळतं, ते चार भाग आणि मधमाशीचं मेण एक भाग, पातेल्यात गरम पाण्यावर ठेवून वितळवा. थेट आचेवर नाही. फडक्याने चोळा, रात्रभर मुरू द्या, पुसा, पुन्हा एकदा. एवढं करूनही केक नेहमी पुठ्ठ्यावरच, थेट लाकडावर नाही.

पैशाचं बोलू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही आपल्या गावचे घाला. फळी 150, कापणी 80, स्क्रू-पेपर 50, तेल-मेण 20, झाले 300. चार तासांची मजुरी 60 रुपयांनी 240. एकूण 540. मजुरी धरायचीच, “आपणच केलं, त्याचे कसले पैसे” हे वाक्य वहीत चालत नाही. 750 ला विकलं तर 210 सुटतात, एकदाच. भाड्याने 150 ला दिलं, त्यातले 40 केक करणाऱ्या ताईला, 20 पुसण्या-चोळण्याला, तर 90 उरतात. सहाव्या कार्यक्रमाला खर्च निघतो आणि स्टँड आपलाच राहतो. म्हणून डेकोरेशनवाल्याला विका, पण गावात आणि आसपास भाड्यानेच द्या. अनामत घ्या, देताना मोबाइलवर फोटो काढा, भिजत घालायचं नाही हे सांगून ठेवा. केक नसला तरी रुखवत मांडायला तेच स्टँड जातं.

एक नाजूक गोष्ट. कापणारा सुतार बहुतेक वेळा कुणाचा तरी दीर नाहीतर भाऊ असतो, आणि हळूहळू “हिशोब मीच बघतो” सुरू होतं. त्यांना नगाप्रमाणे मजुरी द्या, त्याच दिवशी, सही घेऊन. भाड्याचे पैसे गटाच्या खात्यात. घरात हाताने सुतारकाम होत असेल तर पीएम विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर 2023 पासून) प्रशिक्षण आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत आहे. मात्र एका कुटुंबात एकालाच. नाव कुणाचं घालायचं हे सेवा केंद्राच्या रांगेत उभं राहण्याआधी घरी बसून ठरवा. करवत तुम्हीच चालवत असाल तर नाव तुमचंही लागू शकतं.

सुरुवातीला तीनच नग करा: बारा, दहा आणि आठ इंच. ग्रामसंघाच्या बैठकीला येताना सोबत आणा, कळशी मी आणते.