पंप कोजागरीला सोडला, दम दिवाळीला लागला

नवरात्र संपत आलं की दम्याच्या रुग्णांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "डॉक्टर, यंदा कोजागरीची खीर घेऊ का?" खीर खुशाल घ्या. साखर ताब्यात असेल तर मसाला दूधही घ्या. माझं भांडण खिरीशी नाही. देवळाच्या पटांगणात रात्रभर चांदण्यात ठेवलेल्या त्या खिरीत कसली तरी पूड मिसळून देतात आणि देणारा वर पथ्य सांगतो, "आता पंप बंद. इंग्रजी औषध चालू ठेवलं तर गुण यायचा नाही." भांडण आहे ते या पथ्याशी.

हिशेब सोपा आहे. रोज घ्यायच्या प्रतिबंधक पंपात अगदी थोडं स्टिरॉइड असतं आणि ते श्वासनळ्यांच्या आतली सूज दाबून धरतं. पंप सोडला म्हणून त्याच रात्री दम लागत नाही. सूज हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत परत चढते. त्यामुळे पहिला आठवडा झकास जातो आणि "खिरीनं गुण आला बघा" असं आळीभर सांगून होतं. कोजागरी ते लक्ष्मीपूजन जेमतेम पंधरा दिवस. तेवढ्यात माळ्यावरची धूळ झटकून झालेली असते, भिंतींना रंग लागलेला असतो, स्वयंपाकघरात चकलीच्या तेलाचा धूर कोंडलेला असतो, पहाटे गारठा पडू लागलेला असतो. आणि या सगळ्यावर फटाके. भाऊबीजेच्या आत तोच माणूस माझ्या तपासणीच्या खाटेवर दोन्ही हात टेकून, खांदे वर काढून बसलेला सापडतो. खिरीला बोल कुणीच लावत नाही. "पंपाची सवय लागली होती ना, म्हणून सोडल्यावर असं झालं," असं म्हणून खापर पंपावरच फुटतं.

मृगाच्या तोंडावर हैदराबादला जाऊन जिवंत मासा गिळून येणाऱ्यांचंही असंच. जा, हौस असेल तर. पण खिशात पंप ठेवून जा.

तर हा समज: पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की जन्माचा सुटत नाही. शिकलेले, न शिकलेले, सगळेच हे म्हणतात. दवाखान्यात बसून फुफ्फुसांचे आजार पाहताना मला सर्वात जास्त श्वास याच वाक्यावर खर्च करावा लागतो. पंपाचं व्यसन लागत नाही. दमा हा दीर्घकाळ चालणारा आजार आहे, म्हणून औषधही दीर्घकाळ चालतं. आजार ताब्यात आला की कित्येकांचा डोस मी निम्म्यावर आणतो, काहींचा त्याहूनही खाली. मात्र ते मी ठरवायचं, श्वास तपासून. शेजारच्या काकांनी नाही, आणि मोबाइलवर आलं-मध-हळदीचा व्हिडिओ पाठवणाऱ्या मेहुण्यानं तर मुळीच नाही.

पंप नको म्हणणारी माणसं गोळी मात्र आनंदानं गिळतात. आता हे पाहा. साल्ब्युटामॉलच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची नेहमीची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. एका गोळीत चाळीस दाब! एवढं औषध रक्तातून अंगभर हिंडतं, हात थरथरतात, छातीत धडधड होते, आणि श्वासनळीत पोचतं ते थोडंसंच. डोळे आले तर आपण डोळ्यांत थेंब घालतो. श्वासनळीचं औषध श्वासातून घ्यायला मग कसली लाज? स्टिरॉइडचंही तसंच. दम उचलल्यावर गोळीनं दिवसाला ४० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन द्यावं लागतं, तर पंपाच्या एका दाबात बुडेसोनाइड असतं १०० किंवा २०० मायक्रोग्रॅम. दोन औषधांची ताकद सारखी नाही, त्यामुळे नुसत्या वजनाची तुलना पुरती खरी नव्हे, हे मान्य. पण पंपातल्या स्टिरॉइडला भिऊन पोटातल्या स्टिरॉइडकडे पळणं म्हणजे काय, हे यावरून कळावं.

एक मुलगी होती, एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी. लहानपणापासून दमा. आई सोबत यायची आणि मुलीला बाहेर बसवून मला हळूच म्हणायची, "डॉक्टर, गोळ्याच द्या की. पंप नको. बघायला यायला लागल्यात तिला." मी समजावलं, चिडलोही. त्यांनी मान हलवली आणि घरी जाऊन पंप कपाटात ठेवला. पुढे औषधाच्या दुकानातून तीन गोळ्यांची पुडी सुरू झाली, डॉक्टरला न विचारता. मार्गशीर्षात उसाच्या फडातली पाचट पेटवलेल्या एका संध्याकाळी तिला तालुक्याच्या रुग्णालयात आणलं तेव्हा ती एका श्वासात दोन शब्दांच्या पुढे जाऊ शकत नव्हती. वाईट भाग असा की घरच्यांना ती सुधारतेय असं वाटत होतं, कारण छातीतली शिट्टी थांबली होती. शिट्टी थांबली होती ती हवा आतबाहेर होणंच जवळपास थांबल्यामुळे. मुलगी वाचली. तिचं लग्नही झालं, पंपासकट. आईला अजून पंप आवडत नाही, आल्या की पहिला प्रश्न, "आता कमी करायचा का?" विचारतात तरी, स्वतःच बंद करत नाहीत. एवढं मला पुष्कळ आहे.

त्या पुडीबद्दल जरा रागानंच लिहितो. दुकानात चुरगाळलेल्या कागदात मिळणाऱ्या पुडीत बहुधा बीटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन असतं, म्हणजे स्टिरॉइडच. "शंभर टक्के आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या चूर्णांतही ते सर्रास मिसळलेलं सापडतं. दोन दिवसांत दम मोकळा होतो, भूक वाढते, माणूस खूश. वर्षभरानं चेहरा गोल सुजलेला, साखर चढलेली, हाडं ठिसूळ. आणि आता माझं ऐकून आजच्या आज बंदही करू नका! महिनोन्‌महिने स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर शरीर स्वतःचं बनवायचं थांबलेलं असतं. एकदम सोडल्यास जिवावर बेतू शकतं. पुडी असेल तशी घेऊन या. ओरडणार नाही. थोडंच ओरडेन.

खुणा ओळखा. आराम देणारा पंप आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त लागतोय, रात्री खोकल्यानं किंवा दमानं जाग येतेय, जिना चढताना मध्येच थांबावं लागतंय: दमा ताब्यात नाही, येत्या आठवड्यात डॉक्टरांना भेटा. आराम देणारा पंप एकटाच वापरत बसू नका. जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून स्पष्टच सांगितलंय की नुसत्या साल्ब्युटामॉलवर दमा सांभाळायचा नाही, सोबत सूज उतरवणारं औषध हवंच. आणि वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ-नखं निळसर दिसतायत, लहान मुलाच्या बरगड्यांमधली कातडी श्वासागणिक आत ओढली जातेय, माणूस गुंगीत चाललाय, किंवा पंपाचा आराम तीन-चार तासही टिकत नाही, तर वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत बसतं ठेवा, झोपवू नका. आराम देणाऱ्या पंपाचे चार ते सहा दाब स्पेसरमधून एकेक करून द्या आणि गरज पडली तर वीस मिनिटांनी पुन्हा. वाफारा, कापूर, छातीला बाम, यात अर्धा तास घालवू नका.

प्रत्येक दम दमा नसतो, हेही सांगायला हवं. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणं, बेडक्यात रक्त यांपैकी काही असेल तर आधी थुंकीची तपासणी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. जुना क्षय बरा झालेल्या कित्येकांची फुफ्फुसं आकसलेली राहतात आणि त्यांना उगाच पुन्हा क्षयाची औषधं चालू केली जातात. आणि आमच्या भागातल्या पन्नाशी-साठीच्या बायका! विडी हातात न धरलेल्या. जन्मभर चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या, त्याच चुलीवर मशेरी भाजलेल्या, पहाटे पाण्याचा बंब पेटवलेल्या. त्यांचा जो आजार आहे त्याला आम्ही सीओपीडी म्हणतो, घरचे म्हणतात "वय झालंय आता." मावशी, वय झालं म्हणून अंगणातून न्हाणीपर्यंत जाताना धाप लागत नसते. बंद खोलीत रात्रभर डासांची कॉइल लावणाऱ्यांनीही ऐका: २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. मच्छरदाणी लावा.

इथवर रुग्णांना बोललो. पण सगळा दोष त्यांच्या गळ्यात घालून मी मोकळा झालो तर ते खोटं होईल. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक. केवळ खिरीनं एवढी माणसं मरत नाहीत. गोळी गावातल्या दुकानात काही रुपयांत मिळते, प्रतिबंधक पंप महिन्याला काही शे रुपयांना पडतो, आणि तो ओढायचा कसा हे शिकवायला कुणाला वेळ नसतो. मग माणूस गोळीकडेच जाणार. कोरड्या पावडरीची कॅप्सूल यंत्रात न घालता दोन महिने पाण्याबरोबर गिळणारे आजोबा माझ्याकडे आले होते. त्यांना हसण्याआधी ती त्यांच्या हातात कुणी आणि कशी ठेवली, ते विचारायला हवं.

फिनलंडनं १९९४ मध्ये दम्याचा दहा वर्षांचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. नवं जादूचं औषध त्यांच्याकडे नव्हतं. प्रत्येक आरोग्य केंद्रात दम्याची जबाबदारी एका डॉक्टरवर आणि एका नर्सवर सोपवली, औषधांच्या दुकानदारांना पंप शिकवायचं प्रशिक्षण दिलं, सूज उतरवणारा पंप पहिल्या दिवसापासून सुरू करायचा असं ठरवलं. दहा वर्षांत नोंदलेले रुग्ण वाढले, पण दम्यासाठी रुग्णालयात घालवलेले दिवस निम्म्यावर आले. श्रीमंत देशाचं उदाहरण काय देता, असं कुणी म्हणेल. पण यात महाग काय आहे, एक नर्स आणि एक पंप?

आपल्याकडे पाया आहे, त्यावर भिंत नाही. आशाताई तिशीपुढच्या माणसांचा जो फॉर्म भरतात त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, दम लागतो का, असे प्रश्न आहेत. उत्तर "हो" आलं की पुढे काय? रक्तदाब मोजायचं यंत्र केंद्रात आहे, साखरेची पट्टी आहे. श्वास मोजणारं स्पायरोमीटर बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत नाही. बुडेसोनाइडचा पंप राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण माझ्या रुग्णांना केंद्रातून हाती लागते ती गोळी, फार तर नेब्युलायझरची वाफ. उज्ज्वलेचा सिलिंडर २०१६ पासून घरोघर आला, त्यावर ३०० रुपयांचं अनुदानही आहे. तरी भाकरी आणि बंब चुलीवरच, कारण सरपण फुकट आहे. अनुदानाची रक्कम ठरवणाऱ्यांनी पहाटेच्या बंबाचा धूर एकदा जवळून पाहायला हवा. शहरांच्या हवेसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम निघाला. त्यात कोल्हापूर, सांगली, सोलापूर आहेत, पण पाचट जळतं ती शिवारं नाहीत. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं फुफ्फुसांच्या आरोग्यावर ठराव केला, त्यात हवा, तंबाखू, क्षय, दमा सगळं एकत्र पाहायचं म्हटलंय. ठराव जिनिव्हात झाला. पंप गावात यायला हवा. ग्रामसभेत रस्ता-गटाराबरोबर हे विचारा: आपल्या केंद्रात प्रतिबंधक पंप आहे का, संपला असेल तर मागणी गेली का? पाचट जाळण्याऐवजी कुट्टी करून रानातच कुजवायचं यंत्र भाड्यानं मिळेल का, हे साखर कारखान्याच्या शेतकी खात्याला विचारा. मी डॉक्टर आहे, पण माझ्या चिठ्ठीवर हे लिहून मिळत नाही.

आता पंपाची कृती, कारण दहापैकी सात जण माझ्यासमोर चुकीचा ओढून दाखवतात. दाबाचा पंप आधी हलवा, श्वास पूर्ण सोडा, मग दाबताना हळू आणि खोल ओढा, दहा आकडे मोजेपर्यंत धरा. कॅप्सूलच्या यंत्राचं उलट: झटक्यात, जोरानं ओढायचं. दाबाच्या पंपाला स्पेसर लावाच; लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्यासाठी त्यावाचून पर्याय नाही. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून टाका, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात आणि पुन्हा पंपाला शिव्या. साठीपुढच्यांनी दिवाळीआधी फ्लूची लस घ्या. न्यूमोकॉकलची घ्यायची का, ते तपासणीत ठरवू.

आणि पुढच्या खेपेला येताना नुसता कागद आणू नका. घरातले सगळे पंप, स्पेसर, पुड्या, चूर्णाच्या बाटल्या एका पिशवीत घालून आणा. रिकामा पंपसुद्धा आणा. तो कधी संपला, ते मला कळू दे.