तीन चाकांवरची लोटस

माझ्या कपाटात काचेआड एक लोटस ४९ उभी आहे. मूळ गाडीच्या बाराव्या हिश्शाएवढं मॉडेल, गर्द हिरवी, मधोमध पिवळा पट्टा, जिम क्लार्कचा ५ नंबर. पाहुणे वाकून बघतात, ‘वा!’ म्हणतात. मी गप्प राहतो. कारण मागचं डावं चाक फळीला टेकलेलंच नाही. त्याखालून दोन पोस्टकार्डं आरामात सरकतात. पाच महिने खपून मी तीन चाकांची गाडी केली!

खरी गाडी ४ जून १९६७ रोजी झांडफोर्टला डच ग्रांप्री शर्यतीत पहिल्यांदा उतरली आणि क्लार्कने त्याच दिवशी तिला जिंकवलं. लोटसच्या कॉलिन चॅपमनने तिची रचनाच वेगळी केली होती. चालकाच्या पाठीशी सांगाडा संपतो. तिथे कॉसवर्थचं तीन लिटरचं, आठ सिलिंडरचं डीएफव्ही इंजिन बोल्टने आवळलेलं, आणि मागच्या चाकांचा सगळा भार इंजिन-गिअरबॉक्सवर. म्हणजे इंजिन हाच मागचा कणा.

हे सगळं मला तोंडपाठ होतं, आणि तरी मी नेमका तोच जोड बिघडवला.

झालं असं, की सांगाडा आणि इंजिन मी वेगवेगळे रंगवले, अगदी जोडाच्या पृष्ठभागांसकट. मग प्लॅस्टिक सिमेंट लावून दाबून धरलं. हे सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून दोन भाग एकजीव करतं. मधे रंग असला की ते रंगालाच धरतं. आठवड्याभरात गाडी मधेच खचली. रविवारी मित्र बघायला येणार होते. घाईत सुपरग्लूचा थेंब सोडला. इंजिन जरासं पिळलेलं होतं, तसंच दहा सेकंदांत घट्ट बसलं. जोडात एका अंशाचा पीळ पडला तर चाकाशी मिलिमीटरभर फरक पडतो, हा हिशेब मी नंतर मांडला. वर त्या गोंदाच्या वाफेने पुढची चिमुकली काच पांढुरकी झाली ती वेगळीच.

म्हणून सांगतो, रंगाची बाटली उघडण्याआधी मोठे भाग नुसत्या टेपने जोडा आणि गाडी आरशाच्या काचेवर ठेवा. टेबल सपाट दिसतं, पण असतंच असं नाही. चारही चाकांखाली कागदाची एकेक पट्टी घाला. चारही पट्ट्या ओढताना अडल्या पाहिजेत. एक जरी सुळकन निघाली तर थांबा, कानस हातात घ्या.

भार घेणाऱ्या जोडांवर रंगवण्याआधी मास्किंग टेप लावा. राहून गेलं तर तेवढा रंग खरवडा. सिमेंट लावल्यावर रात्रभर हात लावू नका. पारदर्शक भागांना लाकडाचा पांढरा गोंद पुरतो; वाळला की दिसत नाही.

पावसाळ्यात लॅकरचा स्प्रे मारू नका. जुलैत पुण्यात मी मारला आणि हिरव्या रंगावर राखेसारखी झाक आली. पिवळा पट्टा थेट हिरव्यावर दिलात तर तो आजारी दिसेल. खाली आधी पांढरा द्या.

हौसेने जास्तीचं काही लावायचं असेल तर आधी बाराने भागा. स्पार्क प्लगची वायर सहसा सात मिलिमीटर जाडीची, म्हणजे मॉडेलवर ती ०.६च्या आत हवी. मी घरात पडलेली एक मिलिमीटरची लावली. इंजिनावर बागेतले पाइप अंथरल्यासारखे दिसतात.

जोड आता तोडता येत नाही. तोडला तर एक्झॉस्टचे नळ मोडतील. तेव्हा ती गाडी तशीच राहणार.

तसाच दुसरा संच आणलाय. सांगाडा, इंजिन, चाकं टेपने बांधून पंधरा दिवस आरशावर ठेवलीत. ‘रंगवणार कधी?’ असं घरचे रोज विचारतात. काल रात्री तीन पट्ट्या अडल्या, चौथी अजून सुटते. हिरव्या रंगाच्या बाटलीचं सील मी फोडलेलं नाही.