मतपत्रिकेची मागची बाजू

ट्रॉय, मिशिगन

चि. मुक्ता हिस,


शपथविधीचा फोटो पोचला. हातात छोटासा झेंडा, शेजारी जावईबापू, आणि लेकीच्या चेहऱ्यावर भूक. इतकी वर्षं ग्रीन कार्डाच्या रांगेत काढलीस, त्यामुळे तुझं हसू मला नीट कळलं. फोटोखालची एक ओळ मात्र खटकली. आता बातम्या कायमच्या बंद, इथल्या राजकारणाचा वीट आला, असं तू लिहिलं आहेस.

वीट येण्याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या वयात सकाळी टीव्ही लावायचा तर रक्तदाबाची गोळी आधी घ्यावी लागते. बातम्या खुशाल बंद कर. त्यातला बराचसा भाग आता संतापाची करमणूक झाला आहे, आणि त्या धंद्यात दोन्ही बाजूंचे लोक बख्खळ कमावतात. पण बातम्या बंद केल्या म्हणून राजकारण बंद होत नाही. १९६९ मध्ये सांगलीच्या वालचंदमधून इंजिनिअर होऊन मी ॲन आर्बरला शिकायला आलो. तेव्हापासून या देशाबद्दल जे काही उमगलं, त्यातलं कामाचं फारसं टीव्हीवर दिसत नाही. म्हणून हे लांबलचक पत्र. कंटाळा आला तर दोन हप्त्यांत वाच.

आधी आपण इथे कसे आलो ते. आपल्या मंडळींत एक ठाम समज आहे, की आपण हुशारीवर आलो, कोणाचं देणं लागत नाही. हुशारी होती, मान्य. पण हुशारी १९२३ मध्येही होती. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात होता. तरी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की कायद्याच्या अर्थाने हा माणूस गोरा नाही, सबब नागरिक होऊ शकत नाही. आधी नागरिक झालेल्या कित्येक हिंदी लोकांचंही नागरिकत्व त्यानंतर काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, तेही वर्षाला शंभर माणसांपुरतं. ते सताड उघडलं ३ ऑक्टोबर १९६५ ला. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी बसून स्थलांतराच्या नव्या कायद्यावर सही केली, आणि त्या दारातून मी आलो.

तो कायदा करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसनेच दोन महिने आधी, ऑगस्टमध्ये, काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा केला होता. दोन्ही कायदे एकाच लाटेवर आले, आणि ती लाट ज्यांनी उठवली त्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, काहींनी जीव गमावला. डेट्रॉईटमधली व्हायोला लिउझो ही पाच मुलांची आई मार्च १९६५ मध्ये स्वतःची गाडी चालवत अलाबामाला गेली. सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चातल्या लोकांची ने-आण करताना कू क्लक्स क्लानच्या माणसांनी तिला गोळ्या घातल्या. तेव्हा ती एकोणचाळीस वर्षांची होती, म्हणजे आज तू आहेस तेवढी. आपल्या मेळाव्यांत यशस्वी डॉक्टरांचे सत्कार होतात ते होऊ देत. त्या बाईचं नाव मात्र मी तिथे कधी ऐकलं नाही.

मी विद्यार्थी असताना वॉटरगेट प्रकरण झालं. १९७३ च्या उन्हाळ्यात सिनेटची सुनावणी टीव्हीवर चालायची आणि आम्ही देशी पोरं प्रयोगशाळा सोडून ती बघत बसायचो. पुढच्या जुलैत सुप्रीम कोर्टाने राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना त्यांच्या संभाषणांच्या टेप देण्याचा हुकूम केला, आठ विरुद्ध शून्य असा. त्या आठांत खुद्द निक्सन यांनी नेमलेले तीन न्यायमूर्ती होते. मग बॅरी गोल्डवॉटर आणि त्यांच्याच पक्षाचे आणखी दोन पुढारी व्हाइट हाउसमध्ये जाऊन सांगून आले, की काँग्रेसमध्ये तुमच्या मागे आता कोणी नाही. दोन दिवसांत निक्सन गेले.

वर्षही झालं नसेल, आणि आपल्याकडे आणीबाणी आली. तुझ्या आजोबांची पत्रं एकाएकी हवापाण्याची झाली. पाऊस बरा आहे, कृष्णेला पाणी आहे, तब्येत ठीक. एरवी चार पानं राजकारण लिहिणारा माणूस! १९७६ मध्ये कोणालाही विनाचौकशी डांबण्याचा प्रश्न दिल्लीच्या सुप्रीम कोर्टापुढे आला तेव्हा पाच न्यायमूर्तींत एकटे हंसराज खन्ना सरकारच्या विरोधात राहिले. घटना दोन्हीकडे लिहिलेली होती, न्यायालयं दोन्हीकडे होती. इथे आठ जण मिळाले, तिथे एक मिळाला. आपल्याच माणसाला 'हे चालणार नाही' म्हणणारे किती निघतात, यावर सगळं अवलंबून असतं, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे.

असे लोक वॉशिंग्टनमध्येच असतात असं समजू नकोस. २०२० च्या नोव्हेंबरात आपल्या राज्याच्या निकालावर शिक्कामोर्तब करायचं काम चार जणांच्या एका बोर्डाकडे होतं, दोन या पक्षाचे, दोन त्या. एरवी या बोर्डाची बैठक कधी होते हे कुत्रंही विचारत नाही. बायडेन दीड लाखाहून अधिक मतांनी पुढे होते, तरी ट्रम्प यांच्या बाजूने शिक्का लांबवण्यासाठी प्रचंड दबाव आला. आरन व्हॅन लँगेव्हेल्ड नावाचा रिपब्लिकन वकील त्या बोर्डावर होता. कायद्याने आपलं काम फक्त बेरीज मान्य करायचं आहे, एवढी भूमिका घेऊन त्याने डेमोक्रॅट सदस्यांबरोबर मत दिलं. दुसऱ्या रिपब्लिकन सदस्याने मतच दिलं नाही. पक्षाने लँगेव्हेल्डला पुन्हा त्या जागेवर पाठवलं नाही.

मी निवृत्त झाल्यापासून मतदान केंद्रावर काम करतो. अर्जात स्वतःचा पक्ष लिहावा लागतो, कारण टेबलावर दोन्ही पक्षांची माणसं असायला हवीत असा नियम आहे. माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ ज्याला मत देतात त्याला मी सात जन्मांत देणार नाही. पण रात्री आठनंतर मशीनमधून निकालाची पट्टी निघते, मतदारांच्या वहीतला आकडा आणि मतपत्रिकांचा आकडा जुळवावा लागतो. एकाचा फरक आला तर आम्ही दोघं चष्मे पुसून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसतो. तू एकदा हे काम कर. निवडणुकीवरचा विश्वास आणि अविश्वास, दोन्ही जरा जमिनीवर येतात.

आता फ्लिंटबद्दल. हे मी विस्ताराने लिहिणार आहे, कारण आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर हे घडलं आणि तू आलीस त्यानंतर घडलं.

फ्लिंट हे जनरल मोटर्सचं गाव. कारखाने गेले, लोक गेले, तिजोरी रिकामी झाली. मिशिगनमध्ये असा कायदा होता, की दिवाळखोरीला आलेल्या शहरावर गव्हर्नर एक प्रशासक नेमू शकतो, आणि मग निवडून आलेला महापौर, निवडून आलेलं कौन्सिल, सगळे नावापुरते. नोव्हेंबर २०१२ मध्ये हा कायदा सार्वमताला आला आणि मतदारांनी तो फेटाळला. विधिमंडळाने काय करावं? डिसेंबरमध्ये जवळजवळ तसाच दुसरा कायदा केला, आणि त्यात थोड्या पैशांची तरतूद घुसवली. खर्चाची तरतूद असलेल्या कायद्यावर आपल्या राज्यघटनेनुसार सार्वमत मागता येत नाही. चलाखी अशी, की दाद द्यावीशी वाटते आणि लाजही वाटते.

एप्रिल २०१४ मध्ये प्रशासकाच्या अमलाखाली शहराने पैसे वाचवायला डेट्रॉईटचं, म्हणजे ह्युरॉन सरोवराचं पाणी सोडून फ्लिंट नदीचं पाणी घेतलं. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे रसायन घालायचं, ते घातलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन सभांना येत होते आणि पाणी चांगलं आहे असं त्यांना सांगितलं जात होतं. त्याच ऑक्टोबरात जनरल मोटर्सने आपल्या इंजिन कारखान्यात ते पाणी वापरणं थांबवलं, कारण भाग गंजत होते. जन्मभर मोटारींचे सुटे भाग तपासलेला माणूस मी. ती बातमी वाचून हातातला चहा खाली ठेवला. इंजिनाला सोसत नाही ते पाणी, आणि लहान मुलं ते आणखी वर्षभर पीत राहिली! डॉ. मोना हॅना-अटिशा या तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पत्रकारांपुढे मांडले, तेव्हा आधी त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न झाला. पाणी बदललं ऑक्टोबर २०१५ मध्ये.

त्या सगळ्या काळात आपण टीव्हीवर काय बघत होतो आठवतं का? ओबामा आणि काँग्रेसची हाणामारी, मग ट्रम्प यांची उमेदवारी. फ्लिंटच्या नळाशी ज्यांचा संबंध होता ती माणसं, पर्यावरण खात्यातले अधिकारी, प्रशासक, विधिमंडळातले सदस्य, यांची नावं आपल्या ओळखीतल्या कोणालाच ठाऊक नव्हती.

हे वाचून तू म्हणशील, मग उपयोग काय? उपयोग असतो, पण त्यासाठी कामाला लागावं लागतं. २०१६ ची निवडणूक ट्रम्प यांनी मिशिगनमध्ये १०,७०४ मतांनी जिंकली. दोन दिवसांनी केटी फेही नावाच्या विशीतल्या मुलीने फेसबुकवर लिहिलं, की मतदारसंघांच्या रेषा आखायची लबाडी मला थांबवायची आहे, कोण येतंय? रेषा सत्ताधारी पक्षच आखत असे. आपल्याकडे रिपब्लिकनांनी ते केलं, तर इलिनॉय आणि मेरीलँडमध्ये डेमोक्रॅटांनी. यात कोणी सोवळं नाही. तिच्या हाकेला आलेल्या लोकांनी चार लाखांहून अधिक सह्या गोळा केल्या आणि २०१८ मध्ये ठराव मंजूर झाला. आता रेषा आखायला तेरा सामान्य नागरिकांचं मंडळ आहे, चिठ्ठ्या काढून निवडलेलं. त्यांनी आखलेल्या पहिल्या नकाशातले काही मतदारसंघ कोर्टाने रद्दही केले. आदर्श असं काही नसतंच, पण आधीच्यापेक्षा बरं आहे.

आपल्या लोकांबद्दल एक-दोन गोष्टी, आणि त्या जरा कडू आहेत. २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार डेट्रॉईटच्या मोठ्या भागातून काँग्रेसवर निवडून आले तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढे, फटाके, सगळं झालं. आनंद मलाही झाला. पण १९५५ पासून त्या शहराचा एक तरी काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये सतत होता, आणि त्या निवडणुकीने ती परंपरा तुटली. बहुसंख्य काळ्या शहरात त्या दिवशी अनेकांना काय वाटलं असेल, याचा एक शब्दही ग्रुपवर नव्हता. आडनावाकडे पाहून मत देणं हे मिरजेतही वाईट आणि डेट्रॉईटमध्येही.

दुसरी गोष्ट. आपण डॉक्टर, इंजिनिअर, कर भरणारे, आपल्याला कोण हात लावतो, ही समजूत तुझ्याही पिढीत आहे. १९८२ मध्ये जपानी मोटारींमुळे इथल्या नोकऱ्या जात होत्या, युनियनच्या पार्किंगमध्ये जपानी गाड्यांना मज्जाव होता. त्या जूनमध्ये डेट्रॉईटला खेटून असलेल्या हायलँड पार्कमध्ये मोटारधंद्यातल्या दोघांनी व्हिन्सेंट चिन या तरुणाला बेसबॉलच्या बॅटने इतकं मारलं, की तो चार दिवसांनी वारला. तो जपानीही नव्हता, चिनी वंशाचा होता. न्यायाधीशाने तीन वर्षांची देखरेख आणि तीन हजार डॉलर दंड एवढी शिक्षा दिली, तुरुंग नाही. त्या महिन्यांत ऑफिसात लोक माझ्याशी पूर्वीसारखेच बोलत होते, पण मी मात्र पार्किंगमध्ये चालताना मागे वळून बघायला लागलो. पगाराने संरक्षण मिळत नाही. न्यायाधीश कोण आहे, सरकारी वकील कोण आहे, यावर ते ठरतं, आणि आपल्या राज्यात ही दोन्ही पदं मतदार भरतात.

म्हणून कामाचं सांगतो. तू राहतेस त्या टाउनशिपच्या क्लार्ककडे मतदार म्हणून नाव नोंदव आणि मतपत्रिका घरी मागव. मतदानाच्या चाळीस दिवस आधीपासून ती मिळू लागते. मतपत्रिकेच्या सुरुवातीला एक सोय आहे: पक्षाच्या नावापुढचा एक गोल भरला, की त्या पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत जातं. फार लोक तो गोल भरतात आणि पाकीट बंद करतात. पण न्यायाधीश, स्कूल बोर्ड, सार्वमताचे ठराव यांना ते मत लागू होत नाही. ही नावं बहुधा मागच्या बाजूला असतात आणि कोरी राहतात. तुझ्या लेकीच्या शाळेत कोणती पुस्तकं राहणार, बजेट कुठे कापणार, हे ठरवणारी माणसं त्या कोऱ्या रकान्यांतून निवडून येतात. नाव माहीत नसेल तर शोध, फोन कर, विचार. स्कूल बोर्डाच्या बैठकीला दोनदा जाऊन बस. पहिल्यांदा भयंकर कंटाळा येईल, दुसऱ्यांदा कोण कोणाचं ऐकून घेत नाही ते कळेल.

पैसे द्यायचे तर वॉशिंग्टनच्या उमेदवाराला देऊन फोटो काढून घेण्यापेक्षा इथल्या एखाद्या धडपडणाऱ्याला दे. आणि ज्याचं मत तुझ्या विरुद्ध आहे अशा एका तरी माणसाशी बोलणं चालू ठेव. मामी म्हणते, मी शेजाऱ्याशी बोलत नाही, वाद घालतो. असेल.

येत्या नोव्हेंबरात गव्हर्नरची निवडणूक आहे, सिनेटची आहे, त्यांचा गदारोळ तुला टाळू म्हटलं तरी टाळता येणार नाही. पण त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न असेल. मिशिगनच्या १९६३ च्या राज्यघटनेने दर सोळा वर्षांनी मतदारांना विचारायचं ठरवून ठेवलं आहे: नवी घटना लिहायला परिषद बोलवायची का? १९७८, १९९४ आणि २०१० मध्ये लोकांनी 'नको' म्हटलं. यंदा पुन्हा पाळी आहे. सध्याच्या वातावरणात घटना उघडून बसणं मला धोक्याचं वाटतं, म्हणून मी 'नको'वर खूण करणार. पण फ्लिंटची ती पळवाट याच घटनेत आहे, हेही खरं, आणि ती बुजवायला हवी असं तुला वाटलं तर तुझा मुद्दा मला ऐकायचा आहे. वाचून ठेव आणि रविवारी फोन कर. सकाळी कर, जेवणानंतर मी झोपतो आणि मामीने फोन उचलला, की ती तासभर सोडत नाही.

जावईबापूंना नमस्कार, चिमुरडीला गोड पापा.

तुझा,
मामा