तीन भाकरी उसन्या मागणारा मित्र



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा देशभरातून मदत धावून आली. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले. गावावरचे संकट सर्वांना दिसते. घरावरचे संकट मात्र चार भिंतींच्या आत असते. ते कोणाला तरी सांगावेच लागते आणि तिथेच आपली जीभ अडखळते.

मग ओळखीच्या सुखवस्तू माणसाकडे जायला आपण लाजतो आणि सावकाराची पायरी चढतो. महिना शेकडा तीन दराने २०,००० रुपयांचे वर्षाचे व्याज ७,२०० रुपये होते. मुद्दल तसेच राहते. २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, तरी अडलेला माणूस कोऱ्या कागदावर सही करून मोकळा होतो.

लूकच्या शुभवर्तमानात (११:५-८) मध्यरात्री मित्राचे दार ठोठावणारा माणूस भेटतो. हा दाखला प्रार्थनेविषयी आहे, पण मागण्याची रीतही तो शिकवतो. तो माणूस कारण सांगतो, नेमक्या तीनच भाकरी मागतो आणि त्याही उसन्या. आपणही एवढे पाळू या:

१. एकांतात भेटावे. मिस्सा सुटल्यावर चारचौघांत विषय काढू नये.

२. खरे कारण व खरी रक्कम सांगावी. दवाखान्याला बारा हजार कमी पडत असतील, तर बाराच मागावेत.

३. हातउसने हवेत की मदत, हे आधीच स्पष्ट करावे. फेडणे शक्य नसेल तर तसे सांगावे.

४. जमेल तीच तारीख द्यावी. पेरणी आणि शाळेचा खर्च जूनमध्ये एकदमच येतो. सोयाबीनचा पैसा हाती येतो दसरा-दिवाळीला. तेव्हा श्रावणाचा वायदा करू नये. रक्कम व तारीख दोघांनी लिहून ठेवावी.

५. नकार मिळाला तरी बोलणे तोडू नये. त्याच्याही घरच्या अडचणी आपल्याला दिसत नाहीत.

बेनसिराच्या ग्रंथाचा २९ वा अध्याय दोघांनाही समज देतो. ज्याच्याजवळ आहे त्याने गरजवंताला ताटकळत ठेवू नये. घेणाऱ्यानेही घेताना गोड बोलून फेडताना सबबी सांगू नयेत. अशा अनुभवांमुळेच चांगली माणसे पुढे हात आखडता घेतात. आपण चुकवलेली तारीख पुढच्या अडलेल्या माणसाचे दार बंद करते.

चिंतनासाठी: कोणाचे हातउसने आपल्याकडे राहून गेले आहे का? पैसे जमले नसतील, तर या आठवड्यात निदान त्यांना भेटून तसे सांगू या का?