न दुखणारी जखम

भातलावणीच्या दिवसांत कोंडाणे परिसरातला शेतकरी-मजूर दिवसभर चिखलात उभा असतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, काटा मोडतो. रात्री पाय धुऊन कोरडे केले, भेगांना तेल लावले तर पुष्कळ निभावते. काहीजण मात्र बिब्बा लावतात. बिब्ब्याने कातडी भाजून फोड येतात आणि लहान जखम मोठी होते, हे आम्ही स्पष्टच सांगतो.

कोंडाण्याच्या लेण्यांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहत. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात पिलिंदवच्छ स्थविरांचे पाय फुटले तेव्हा भगवंतांनी पायांना तेल लावण्याची अनुज्ञा दिली. जखम बांधण्याच्या फडक्याचीही दिली.

दुखणाऱ्या जखमेकडे माणूस लक्ष देतो. खरा धोका न दुखणाऱ्या जखमेचा आहे. कुष्ठरोगात मज्जातंतू बिघडून तळपाय बधिर होतो. चपलेतला खडा, चुलीचा निखारा कळत नाही. जखम होते, चालणे चालूच राहते आणि ती हाडापर्यंत जाते. जुन्या मधुमेहातही असेच घडते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८२ पासून शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग ६ किंवा १२ महिन्यांत बरा होतो. परंतु गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही. म्हणून बऱ्या झालेल्या माणसाच्या पायालाही जखम होते. शेजारी म्हणतात, "याचा रोग गेलाच नाही," आणि त्याचे ताट वेगळे होते. वास्तविक उपचार पूर्ण झालेल्या माणसाच्या त्या जखमेतून कुष्ठरोग पसरत नाही. शिवाशीव भोगलेल्या आपल्या समाजात तरी हे घडू नये.

अशा रुग्णाने रोज संध्याकाळी तळवे पाहावेत, पाय साध्या पाण्यात भिजवून तेल लावावे, मऊ तळाची एमसीआर चप्पल वापरावी. जखम असेपर्यंत पायावर भार नको. हे लिहिणे सोपे. ज्याची चूल रोजावर पेटते त्याने कसे बसून राहावे?

दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या काळात उपचार तुटतो. सरकारी आरोग्य केंद्रांत हे औषध मोफत असते. विद्यार्थी मित्रांनी अशा कुटुंबांबरोबर, ती निघण्याआधी, केंद्रात जावे, पुढच्या गोळ्यांची सोय विचारावी आणि उपचाराचे कार्ड त्यांच्या गाठोड्यात ठेवल्याची खात्री करावी.