मोंढ्यातला हिशोब दूरच्या सर्व्हरवर ठेवताना

आमच्या आडत दुकानाचा प्रोग्राम फॉक्सप्रोतला, डॉसवर चालणारा. निळा पडदा, पिवळी अक्षरं, माउसचं काम नाही. शेतकऱ्याचा खाते नंबर टाकला की त्याची उचल आणि मागची बाकी समोर येते. वजन आणि भाव घातला की बारदाना, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी तयार. सेलूच्या मोंढ्यातले आमचे मुनीमकाका कीबोर्डकडे न बघता एंट्री मारतात. असा प्रोग्राम केवळ जुना आहे म्हणून बदलावा, हे मला आजही पटत नाही.

अडचण होती दोन ठिकाणांची. पेढी सेलूला, खरेदी वालूरला, आणि खातेवही एकच हवी. आधी रोज संध्याकाळी पेन ड्राइव्ह सेलूला जायचा. सेलूत दिलेली उचल वालूरला दुसऱ्या दिवशी कळायची, तोवर तोच शेतकरी इथे माल घालून पूर्ण रक्कम घेऊन गेलेला असायचा. यावर एका सर्व्हरवाल्याने सुचवलं की प्रोग्राम आणि डेटा आमच्या सर्व्हरवर ठेवा आणि दोन्हीकडून रिमोटने चालवा.

पद्धत चांगली आहे, हे आधीच सांगतो. प्रोग्राम तिकडेच चालतो. आपल्याकडे पडद्याचं चित्र तेवढं येतं आणि आपण दाबलेली बटणं तिकडे जातात, त्यामुळे मोबाइलच्या हॉटस्पॉटवरही काम भागतं. फॉक्सप्रोच्या डेटाची डीबीएफ फाइल नेटवरून थेट उघडली तर लाइन तुटल्यावर इंडेक्स बिघडण्याची भीती असते. इथे फाइल सर्व्हरवरून हलतच नाही. सिट्रिक्स कंपनीचं विनफ्रेम १९९५ मध्ये आलं, मायक्रोसॉफ्टचा एनटी टर्मिनल सर्व्हर १९९८ मध्ये. तंत्र मुरलेलं आहे. आमचं बिघडलं ते बसवण्यात.

डॉसचा असा प्रोग्राम ६४ बिटच्या विंडोजवर सरळ चालत नाही. सर्व्हरच्या विंडोजमध्ये ३२ बिटची शेवटची आवृत्ती २००८ ची. पुढच्या सगळ्या ६४ बिटच्या. सर्व्हरवाल्याने सोपा मार्ग धरला आणि तीच २००८ ची आवृत्ती घातली. तिचा सर्वसाधारण सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपलेला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट बंद. त्यात रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ नंबरचा पोर्ट इंटरनेटवर उघडा आणि सगळ्यांना एकच पासवर्ड. मे २०१९ मध्ये याच रिमोट डेस्कटॉपमध्ये ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली होती. तिच्यातून पासवर्डशिवाय आत शिरता येत होतं, आणि मायक्रोसॉफ्टला सपोर्ट संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली. वालूरची चक्राकार बारव पाहायला लोक दुरून येतात. सर्व्हर फोडणारे चोर मात्र गाव पाहून येत नाहीत, उघडा पोर्ट पाहून येतात. तो हुडकणारे प्रोग्राम चोवीस तास फिरत असतात.

सोयाबीनची आवक जोरात असताना एका सकाळी आमचा प्रोग्राम उघडेना. फोल्डर पाहिलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला न कळणारी शेपटी लागलेली, आणि सोबत एक इंग्रजी चिठ्ठी: पैसे द्या, फाइली सोडतो. सर्व्हरवाला म्हणाला, बॅकअप आहे. तो बॅकअप त्याच सर्व्हरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर होता. त्याचीही तीच गत. बाहेर ट्रॅक्टर लागलेले. खिडकीतून एक जण म्हणत होता, "दादा, माल उतरून किती वेळ झाला, पट्टी द्या ना. मजुरांचे पैसे द्यायचेत." त्याच्या नावावर उचल किती, हे सांगायला माझ्यासमोर कसलाच कागद नव्हता.

आमच्या शेठनी पैसे द्यायला ठाम नकार दिला, आणि ते बरोबर होतं. पैसे भरल्यावर फाइली सुटतीलच याची हमी कोण देणार? आम्हाला तारलं मुनीमकाकांच्या सवयीने. संगणक आल्यावरही त्यांनी हाताने रोजमेळ लिहिणं सोडलं नव्हतं. पेन ड्राइव्हच्या दिवसांतली शेवटची प्रत कपाटात निघाली. तिच्यावर रोजमेळातल्या आणि पट्ट्यांच्या स्थळप्रतींवरच्या नोंदी पुन्हा चढवल्या. दिवाळी त्यातच गेली. काही उचलींवरून वाद झाले. जिथे आमच्याकडे कागद नव्हता, तिथे शेठनी शेतकऱ्याचा शब्द मान्य केला.

तुमच्याकडे असा प्रोग्राम असेल तर तो १६ बिटचा की ३२ बिटचा, हे आधी विचारा. व्हिज्युअल फॉक्सप्रोतला असेल तर ३२ बिटचा. मायक्रोसॉफ्टने त्याचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्ये थांबवला, तरी तो आजच्या ६४ बिट विंडोजवर चालतो. त्याच्यासाठी जुनी विंडोज घालायचं कारणच नाही. डॉसचाच असेल तर अपडेट मिळणाऱ्या विंडोजवर एमुलेटर घालून चालवता येतो. मात्र दोघांनी एकाच वेळी एंट्री केली तर रेकॉर्ड नीट लॉक होतं का, ते खोट्या खात्यांवर तपासून घ्या. सगळ्या एमुलेटरमध्ये ते होत नाही.

३३८९ कधीही उघडा ठेवू देऊ नका. आधी व्हीपीएन, मग रिमोट. प्रत्येकाचं नाव-पासवर्ड वेगळं, आणि मोबाइलवर ओटीपी. मायक्रोसॉफ्टच्या रिमोट डेस्कटॉप सेवेला माणसागणिक किंवा यंत्रागणिक परवाना लागतो; त्याशिवायची सवलत १२० दिवसांचीच. फार स्वस्तात देणाऱ्याकडून परवाना बिलावर लिहून घ्या.

छपाईचं कोणी आधी सांगत नाही. जुना प्रोग्राम खातेउतारा थेट एलपीटी१ या प्रिंटरच्या पोर्टला पाठवतो, आणि सर्व्हरला आपल्या टेबलावरचा डॉट मॅट्रिक्स दिसत नाही. रिमोट जोडताना छपाई इकडे वळवून घ्यावी लागते. आमची मराठी पट्टी एका छोट्या विंडोज प्रोग्राममधून, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये छापली जाते. तो फॉन्ट सर्व्हरवर नव्हता, म्हणून सुरुवातीला शेतकऱ्याच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गुंता उमटला. हंगामाआधी प्रत्येक कागद एकदा छापून बघा.

लाईटचंही तसंच. वालूरला एंट्री करताना लाईट गेली की इथला संगणक बंद पडतो, पण सर्व्हरवरचं सेशन चालूच राहतं आणि उघडलेलं खातं धरून बसतं. तेवढ्यात सेलूला कोणी ते खातं उघडलं तर 'रेकॉर्ड इज इन यूज बाय अनदर' असं येतं. घाईने ते सेशन मारलं तर अर्धवट एंट्री राहून इंडेक्स बिघडू शकतो. लाईट आल्यावर त्याच नावाने पुन्हा जोडा. काम जिथे सोडलं तिथेच सापडतं.

रोज संध्याकाळी डीबीएफ फाइलींची प्रत आपल्याकडे उतरवा आणि डिस्क काढून कपाटात ठेवा. ती लिब्रेऑफिसमध्ये उघडते का, हेही बघा. जीएसटीची हिशोबपुस्तकं वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. तेवढ्या काळात सर्व्हरवाला बदलू शकतो. हल्ला झालाच तर सर्व्हर पुसण्याआधी डिस्कची नक्कल ठेवा आणि सायबर पोलिसांत तक्रार द्या. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना सहा तासांत कळवायची असते. सर्व्हरवाल्याने ती कळवली का, ते विचारा.

आज दुकान वाढवायच्या आधी तुमच्या सर्व्हरवाल्याला फोन करा आणि एवढं विचारून घ्या: माझ्या प्रोग्रामखाली विंडोज कोणती आहे, ३३८९ उघडा आहे का, आणि कालच्या डेटाची प्रत मला आज कशी मिळेल.