नेमकी नोंद, नेमके उपचार : द्विध्रुवीय मनोविकार आणि त्याचे संकेतांक

क्षयरोगाचे निदान थुंकीच्या तपासणीने आणि मधुमेहाचे निदान रक्ताच्या तपासणीने पक्के करता येते. मनोविकारांच्या बाबतीत अशी सोय नाही. रुग्णाचे आजचे बोलणे-वागणे आणि त्याचा मागील इतिहास यांवरूनच डॉक्टरांना निष्कर्ष काढावा लागतो. म्हणूनच मनोविकाराच्या क्षेत्रात कागदावरील नोंद हा केवळ कार्यालयीन उपचार नसून निदानाचे एक प्रमुख साधन आहे. द्विध्रुवीय मनोविकारात, विशेषतः त्यात रुग्णाचे वास्तवाचे भान सुटते तेव्हा, या गोष्टीचे महत्त्व फारच वाढते.

विकाराचे स्वरूप

या विकाराची दोन टोके आहेत. उन्मादाच्या काळात रुग्णाला झोपेची गरज वाटत नाही. तो अखंड बोलतो, वारेमाप खर्च करतो, मोठमोठे बेत आखतो. अवसादाच्या काळात तो खिन्न होतो, अंथरुणाला खिळल्यासारखा पडून राहतो आणि जगणे नकोसे झाल्याचे सांगतो. मधल्या काळात तो बहुधा पूर्ववत कामाला लागतो. विकार तीव्र झाल्यास भ्रम आणि भास यांची भर पडते. आपल्याला दैवी सामर्थ्य लाभले आहे, असे उन्मादातील रुग्णास खात्रीने वाटते. तर आपण घोर पाप केले आहे, असे अवसादातील रुग्णास वाटते.

अशा अवस्थेतील रुग्ण एकदाच पाहिला, तर छिन्नमनस्कतेचा समज होणे सहज शक्य असते. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे दोन विकार वेगळे केले, ते प्रामुख्याने त्यांच्या दीर्घकालीन वाटचालीच्या आधारे. द्विध्रुवीय विकारातील भ्रम-भास मनःस्थितीच्या चढउताराबरोबर येतात आणि तिच्याबरोबरच ओसरतात. ही वाटचाल एका भेटीत दिसत नाही. ती नोंदींतूनच दिसते.

संकेतांकांची रचना

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाची दहावी आवृत्ती १९९० मध्ये संमत झाली. तीत द्विध्रुवीय विकारास 'एफ ३१' हा संकेतांक आहे. टिंबानंतरचा अंक रुग्णाची सध्याची अवस्था दाखवितो. भ्रम-भासांविना उन्माद असल्यास एफ ३१.१, भ्रम-भासांसह उन्माद असल्यास एफ ३१.२, भ्रम-भासांविना तीव्र अवसाद असल्यास एफ ३१.४, भ्रम-भासांसह तीव्र अवसाद असल्यास एफ ३१.५ आणि विकार सध्या शांत असल्यास एफ ३१.७, अशी ही मांडणी आहे. छिन्नमनस्कतेचा संकेतांक एफ २० हा अगदी निराळा आहे.

अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये संमत होऊन १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत पहिल्या प्रकारच्या द्विध्रुवीय विकारास '६ए६०' हा संकेतांक असून, भ्रम-भासांसह उन्मादासाठी ६ए६०.१ हा उपसंकेतांक आहे. दहाव्या आवृत्तीनुसार पहिल्याच उन्मादाची नोंद एफ ३० खाली होते. द्विध्रुवीय विकार म्हणण्यास विकाराचा पुन्हा झटका यावा लागतो. अकराव्या आवृत्तीनुसार मात्र उन्मादाचा एक झटकाही पहिल्या प्रकारच्या निदानास पुरेसा ठरतो. यास्तव कोणत्या आवृत्तीचा संकेतांक आहे, हेही कागदावर लिहिणे आवश्यक असते.

एक उदाहरण

समजा, एका तरुणाला भ्रमांसह उन्मादाचा पहिला झटका आला. दहाव्या आवृत्तीनुसार त्याची नोंद एफ ३०.२ अशी होईल. पुढील वर्षी तो भ्रमांसह तीव्र अवसादाने दुसऱ्या रुग्णालयात दाखल झाला. पहिला कागद सोबत असेल, तर संकेतांक एफ ३१.५ पडेल. तो कागद हरवला आणि घरच्यांनीही जुना प्रसंग सांगितला नाही, तर हाच रुग्ण केवळ अवसादाचा समजून एफ ३२.३ अशी नोंद होईल.

हा फरक केवळ आकड्यांचा नाही. द्विध्रुवीय विकारात नुसतेच अवसादरोधक औषध दिल्यास रुग्ण उन्मादात जाण्याचा धोका असतो. अशा रुग्णास मनःस्थिती स्थिर राखणारे औषध लागते. लिथियम हे त्यांपैकी एक. ते देताना रक्तातील त्याचे प्रमाण, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची वेळोवेळी तपासणी करावी लागते. चुकीच्या नोंदीमुळे हा सारा क्रमच खंडित होतो.

नोंदीत काय असावे

वैद्यकीय अधिकाऱ्याने 'वेडसर वागतो' एवढाच शेरा मारणे निरुपयोगी होय. लक्षणे केव्हा सुरू झाली, झोप किती होती, मनःस्थिती कशी होती, भ्रम-भास कोणत्या स्वरूपाचे होते, ते मनःस्थितीच्या बिघाडातच होते की मनःस्थिती ठीक असतानाही टिकून राहिले, व्यसन वा अन्य शारीरिक आजार होता काय, आत्महत्येचा विचार होता काय, पूर्वीचे झटके आणि औषधे कोणती, या गोष्टी तारखांसह नोंदविल्या पाहिजेत. शक्य तेथे रुग्णाचे शब्द जसेच्या तसे लिहावेत. संकेतांक या वर्णनातून निघाला पाहिजे. वर्णनाची जागा त्याने घेता कामा नये.

कायद्याची चौकट

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्तरावर मान्य झालेल्या वैद्यकीय मानकांनुसारच मानसिक आजार ठरवावा, असे त्याचे कलम ३ सांगते. उपचार वा अधिनियमातील बाबी सोडून अन्य हेतूने कोणासही मानसिक रुग्ण ठरविता येत नाही. सक्षम न्यायालयाने तसे घोषित केल्याखेरीज, केवळ आजाराचे निदान झाले म्हणून ती व्यक्ती विकल मनाची आहे असेही मानता येत नाही. जमिनीची वाटणी वा पंचायतीतील वाद यांत 'त्याचे डोके फिरले आहे' असे म्हणून एखाद्याचा हक्क डावलणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आपल्या वैद्यकीय नोंदी मिळविण्याचा आणि त्या गोपनीय राहण्याचा हक्कही याच अधिनियमाने रुग्णास दिला आहे. शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासही विमा संरक्षण देणे विमा कंपन्यांवर बंधनकारक आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे मूल्यमापन करताना स्वतःची काळजी, परस्परसंबंध, संवाद व आकलन आणि काम यांबरोबर विकाराचा कालावधीही विचारात घेतला जातो. जुने कागद नसतील, तर तो सिद्ध करणे रुग्णाच्या कुटुंबास कठीण जाते.

गावपातळीवरील कार्य

निदान करणे हे शिक्षकाचे वा सरपंचाचे काम नव्हे. परंतु रुग्णाला रोज पाहणारे तेच असतात. हा विकार अनेकदा किशोरवयाच्या अखेरीस किंवा तारुण्याच्या आरंभी प्रकट होतो, तेव्हा विद्यार्थ्याच्या वागण्यात झालेला बदल शिक्षकाच्या नजरेस लवकर येऊ शकतो. हा बदल कधीपासून आणि कसा झाला, हे त्यांनी पालकांना विश्वासात घेऊन सांगावे आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचेल असे पाहावे. जुन्या चिठ्ठ्या, औषधांची पाकिटे आणि रुग्णालयातून सोडतानाचा कागद एका पिशवीत जपून प्रत्येक भेटीत नेण्याची सवय आशा कार्यकर्तीने कुटुंबास लावावी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि 'टेलि-मानस'ची १४४१६ ही दूरध्वनी सेवा यांची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येईल. रुग्णाचे नाव मात्र फलकावर, सभेत वा चावडीवर येता कामा नये.

तारखेसह लिहिलेल्या आणि जपून ठेवलेल्या चार ओळी दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना रुग्णाची मागील वाटचाल दाखवितात. योग्य औषध वेळेवर मिळाले, तर असा रुग्ण पुन्हा आपल्या शेतात, शाळेत वा कार्यालयात कामाला लागू शकतो.